अकरावी सूचना

९ जानेवारी

भोपळ्या,

तुला या नावाने हाक मारायचं वय आता राहिलं नाही, हे मला कळतं. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की मी कुणा साहेबाला अर्ज करतेय असं वाटतं. तेव्हा आत्याच्या पत्रात तू भोपळ्याच.

काम असल्याशिवाय आत्या लिहीत नाही, असं तुझी बायको म्हणते म्हणे. बरोबर म्हणते. काम आहे. आमच्या बावीस घरांचं बियाणं माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत असतं, हे तुला ठाऊक आहे. चवळी, वाटाणा, मका. गेल्या वर्षी पेरणीआधी चवळीचे डबे उघडले तर आत निम्मा भुसा आणि निम्मे भुंगे. दाणा हातात घ्यावा तर आरपार भोक. बायका काही बोलल्या नाहीत, पण खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. त्यामुळे न बोलता जे बोलायचं ते त्यांचं बोलून झालं.

दुकानदार म्हणतो गोळ्या ठेवा, धुरीच्या. त्याचं काय जातंय म्हणायला? भिंतीपलीकडे मी झोपते. दोन वर्षांपूर्वी ठेवल्या होत्या तर आठवडाभर माझं डोकं भणभणत होतं. कडुनिंबाचा पाला घालून पाहिला, तर भुंगे त्यात सुखाने नांदले. तू तिथे बियाण्यांच्या प्रयोगशाळेत दिवसभर किडेच मोजतोस ना? मग झाडपाल्याचं काही चांगलं असेल तर सांग. यंदा पुन्हा बियाणं गेलं तर ही खोली मोडेल. मग ज्याचं त्याने बघावं, असं होईल. दहा वर्षं लागली मला बावीस घरं एकत्र आणायला.

तुझी,
आत्या


१८ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खरोखरच किडे मोजत होतो. हसू नकोस.

तुला हवी आहे तीच गोष्ट आमच्याकडे चालू आहे. सीताफळाच्या बिया. वाळवायच्या, बारीक पूड करायची आणि किलोभर बियाण्याला पन्नास ग्रॅम चोळायची. बरणीत तरी भुंगा सहा महिने फिरकत नाही. पण बरणी वेगळी आणि खरी खोली वेगळी. म्हणूनच आमच्या मॅडमना एखादी खरी खोली हवी आहे. त्यांनी सूचनांचा कागद केला आहे, फार पुस्तकी. मी त्यावरून तुझ्यासाठी सोप्या भाषेत उतरवून काढला. दहा सूचना आहेत. पहिली सगळ्यांत महत्त्वाची: हे फक्त पेरायच्या बियाण्याला, खायच्या धान्याला नाही. बाकी झाडपाल्याचंच आहे, काळजी करण्यासारखं काही नाही.

एक तुलाच सांगतो. सहा वर्षं झाली, मी इथे तात्पुरता आहे. दर मार्चला मुदत संपते आणि पुढे ठेवतील की नाही कळत नाही. हा प्रयोग एका जरी खोलीत जमला, तर मॅडम मला कायम करतील. तुझ्यावर ओझं टाकत नाही. जमलं तर कर.

चक्कीवाली मावशी कशी आहे? सुट्टीत मी आलो की ती मला धान्याच्या काट्यावर बसवायची आणि जाताना पुन्हा बसवायची. वजन वाढलं नसेल तर तुझी हजेरी घ्यायची. तिला नमस्कार सांग.

तुझा,
भोपळ्या


६ फेब्रुवारी

भोपळ्या,

बिया मिळाल्या. गर काढायच्या कारखान्याबाहेर ढीग पडलेला असतो, न्या म्हणाले, कटकट गेली. बत्तीस किलो भरल्या. धुतल्या, वाळवल्या. इथवर तुझ्या कागदाप्रमाणे सगळं सरळ.

मग कुटायला बसलो. बियांची टरफलं कसली रे, दगड नुसते. दोघी जणी सकाळभर खलबत्त्याशी झुंजलो तेव्हा कुठे किलोभर पूड झाली, आणि दोघींचे खांदे गेले. म्हणून चक्कीवालीकडे गेले. ती ऐकेचना. म्हणाली, माझ्या चक्कीत लोकांचं पीठ असतं, त्यात तुझं औषध मिसळलं तर मी कुणाला तोंड दाखवू? खरं आहे तिचं. पण मी कसली सोडते. तिच्या मागच्या शेडमध्ये जुनी लहान चक्की धूळ खात पडली आहे, तिच्यावर दळ म्हटलं. पूड उडून पुढच्या पिठावर येईल म्हणाली, तर म्हटलं, शेडचं दार-खिडकी लावून घे.

तुझा कागद तिला दोनदा वाचून दाखवला, तिला अक्षर येत नाही. तिने एकच विचारलं, अंगाला काही बाधतं का? मी म्हटलं, माझ्या भाच्याने लिहिलंय. बाधत असतं तर लिहिलं नसतं का त्याने?

उद्या दळणार आहे. तुझ्या नोकरीचंही तिला सांगितलं. म्हणाली, मग दळायलाच हवं, काट्यावर बसवलंय त्याला.

आत्या


१२ फेब्रुवारी

भोपळ्या,

दळून झालं. ती पूड डोळ्यात गेली तर काय करायचं असतं? सहज विचारते. बायका बियाण्याला चोळणार आहेत, माहीत असावं म्हणून.

आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहितो. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने खूप वेळ धुवायचं आणि तडक डॉक्टरकडे जायचं. काय गेलं ते डॉक्टरांना नेमकं सांगायचं. चोळताना सगळ्यांनी मोठे हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा.

कुणाच्या गेली का? गेली नसेलच म्हणा. गेली असती तर तू सांगितलंच असतंस. खोलीत तापमापक लावला का? सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवायचा आहे.

तुझा,
भोपळ्या


३ मार्च

भोपळ्या,

कुणाच्या गेली नाही. सहज विचारलं म्हटलं ना.

बियाणं चोळून डबे बंद केले. तापमापक दारामागे लावला आहे, आकडे लिहिते. वहीत मध्ये बारा दिवस कोरे दिसतील, तेव्हा मी शहरात होते. चक्कीवालीच्या चक्कीच्या दगडाला छिन्नीने टाकी लावताना कपची उडाली आणि तिच्या डोळ्यात गेली. दवाखान्यात तिच्यापाशी कुणीतरी हवं होतं. आता घरी आली आहे. पुढची चक्की बंदच आहे, आम्ही दळण बाहेरून आणतो.

तू कामाला लाग. माझी काळजी नको.

आत्या


२ जून

प्रिय आत्या,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, रागावली असशील. काम होतं, हे अर्धं खरं आहे.

मॅडमना तुझ्या खोलीचा निकाल हवा आहे. डबे उघडलेस की भुंगे किती, शंभर दाण्यांतले उगवले किती, एवढं लिही. आणि गटाची प्रमुख म्हणून तुझ्या सहीचा एक कागद लागेल. त्यात एक ओळ अशी हवी: दळताना, चोळताना वा साठवताना कोणासही अपाय झाला नाही. नियमच आहे तसा.

मावशीचा डोळा बरा असेलच आता. नमस्कार सांग.

तुझा,
भोपळ्या


१४ जून

भोपळ्या,

तीन डब्यांत मिळून चार भुंगे सापडले, तेही मेलेले. शंभरातले एक्याण्णव दाणे उगवले. बायका डब्यात हात घालून घालून बघत होत्या, विश्वास बसेना. एकीने तर मला मिठीच मारली. बियाणं वाटून झालं, पेरण्या सुरू आहेत. तुझं नाव घेतलं सगळ्यांनी.

तुला हवा तो कागद सोबत आहे. ओळ तू सांगितलीस तशीच घातली आहे. सही माझीच आहे. थोडी वाकडी आली, दुसरा कागद नव्हता.

आत्या


२० जुलै

प्रिय आत्या,

मी कायम झालो. काल पत्र हातात पडलं. बायको सारखं ते कपाटातून काढून वाचते आणि पुन्हा ठेवते. हे तुझ्यामुळे झालं, आत्या. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ.

आणखी एक. मॅडमना माझा सोपा कागदच आवडला. तुमच्या खोलीत तो चालला, लोकांना कळला, म्हणून तोच छापायचा ठरला आहे. तुमच्यासारख्या दोनशे गटांना जाणार आहे. छापण्याआधीचा नमुना सोबत पाठवतो. कुठला शब्द अवघड वाटला तर खूण करून पाठव. महिनाअखेरपर्यंत कळव, एक तारखेला छापायला जाईल.

तुझा,
भोपळ्या


२६ जुलै

भोपळ्या,

नमुना परवा आला. दोन दिवस टेबलावर पडून आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, बसचालकाच्या हाती देते आहे. त्याने उद्या तुझ्या दारात आणून द्यावं. अवघड शब्द एकही नाही. सगळं सोपं आहे. इतकं सोपं की कुणीही करील. दोनशे गावांत कुणीतरी दार लावून दळायला बसेल, हे वाचल्यापासून मला अन्न जात नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले. चक्कीला टाकी लावली नव्हती. कपची उडाली नव्हती. ७ फेब्रुवारीला ती तुझ्या बियाच दळत होती, माझ्या सांगण्यावरून, दार-खिडकी लावून, तेही माझ्याच सांगण्यावरून. अर्ध्या तासात डोळे झोंबायला लागले. तिने बाहीने पुसले, बाहीवर पूडच होती. तरी थांबली नाही. थोडंच राहिलंय, म्हणून सगळं दळून मग बाहेर आली. डोळे उघडता येत नव्हते. भिंतीला हात लावत लावत माझ्या घरापर्यंत आली. मी तिला म्हटलं, धूळ असेल, जाईल. रात्रभर ती विव्हळत होती. सकाळी बसने शहरात नेली.

डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तेव्हा ते मीच सांगितलं. म्हटलं, चक्कीची कपची उडाली. तिचे डोळे बांधलेले, तिने ते खोडून काढलं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर बातमी गावात जाईल, बायका पूड उकिरड्यावर टाकतील, खोली मोडेल, तुझी नोकरी जाईल. दोन दिवस डॉक्टर तिच्या डोळ्यात कपची शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं. तुझं पत्र तर नंतर आलं, नेमकं सांगायचं म्हणून. तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजवा डोळा बरा झाला. डाव्यात फूल पडलं. त्याने तिला फक्त उजेड कळतो.

दोन दिवस लवकर सांगितलं असतं तर तो डोळा वाचला असता का, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. अजून झालेली नाही.

तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीच तिला म्हटलं, पोराला माहीत नव्हतं गं, माहीत असतं तर त्याने लिहिलंच असतं. ती म्हणाली, हो, तो कशाला असं करील. आणि मी जूनमध्ये त्या ओळीखाली सही केली. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी झाकलं.

तो कागद छापू नकोस. तुझी कायमची नोकरी राहो न राहो. माझी सही खोटी आहे, असं हवं तर मी मॅडमना येऊन सांगते.

आत्या


२८ जुलै

आत्या,

छापणं थांबलं आहे. काल मॅडमना सगळं सांगितलं. तुझ्या सहीचं सांगितलं, पण त्याआधी माझं सांगितलं. ते आता तुला सांगतो. तू म्हणालीस, पोराला माहीत नव्हतं. पोराला माहीत होतं.

मॅडमच्या कागदावर अकरा सूचना होत्या. मी तुला दहा उतरवून दिल्या. अकरावी अशी होती: ही पूड डोळ्यांना अत्यंत घातक आहे, दळताना डोळे पूर्ण झाकावेत, तोंड-नाक बांधावं, उघड्यावर दळावं, बंद खोलीत कधीही दळू नये. ती मी विसरलो नाही. लिहायला घेतली होती, अर्धी लिहून कागद फाडला आणि नवा घेतला. तुझ्याआधी दोन गटांना तो कागद दिला होता. दोन्ही ठिकाणी बायकांनी ही ओळ वाचली आणि नको म्हणाल्या. मार्च जवळ आला होता. स्वतःला मी सांगितलं, आत्या उगाच घाबरेल, ती तर खलबत्त्यात थोडं थोडं कुटेल, तिला कशाला हवी ती ओळ. खरं एवढंच होतं की तू नाही म्हणशील याची मला धास्ती होती.

तू पत्रात लिहिलं होतंस की उद्या चक्कीत, दार लावून दळणार आहे. ते वाचलं तेव्हा उद्या होऊन तीन दिवस झाले होते. तार करता आली असती, कुणाला पाठवता आलं असतं. मी म्हटलं, आता झालंच असेल. मग तुझं ते चार ओळींचं पत्र आलं. सहज विचारते, म्हणून. मला त्याच क्षणी कळलं, आत्या. कळलं म्हणून तर लगेच उत्तर दिलं. आणि शेवटी तापमापकाचं विचारलं, म्हणजे तू पुढे काही सांगू नयेस. तू कपचीचं लिहिलंस तेव्हा मला किती बरं वाटलं, ते आठवलं की स्वतःचा तिटकारा येतो. तुला खोटं बोलायची वाट मीच करून दिली. तीन महिने पत्र लिहिलं नाही ते काम होतं म्हणून नाही. डोळ्याबद्दल विचारावं लागेल म्हणून.

माझ्या नोकरीचं वरून काय ठरायचं ते ठरेल. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. एवढंच म्हणाल्या, ती ओळ मी सहा महिने खपून शोधली होती, एका डोळ्याची किंमत देऊन. आमच्या प्रयोगशाळेतही एकाचा डोळा असाच गेला होता, आणि तेही मला ठाऊक होतं.

हे पत्र मावशीला वाचून दाखव. माझी बाजू सावरत वाचू नकोस. तिने जी शिक्षा सांगितली ती मी घेईन. मी तिच्यासमोर यायला तयार आहे, पण तिने बोलावलं तरच.

भोपळ्या


२४ ऑगस्ट

भोपळ्या,

तुझं पत्र तीन आठवडे मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. काल तिच्याकडे गेले आणि वाचलं. मधे एक ओळ गाळावी, असं माझ्याही मनात आलं. पोराला माहीत होतं, ही. गाळली नाही. वाचून झाल्यावर ती उठून चक्कीकडे गेली, एक दळण घातलं, पुरं दळलं, डबा गिऱ्हाइकाला दिला आणि मग परत येऊन बसली. मला म्हणाली, तुझं-माझं नंतर बघू, आधी त्याला लिही. मी सांगते तसंच लिही, गोड करू नकोस. म्हणून खाली तिचेच शब्द आहेत.

"पोरा, आत्याने वाचून दाखवलं. शिक्षा कसली विचारतोस? तुझी नोकरी गेली तर माझा डोळा परत येणार आहे का? राहिली तर राहू दे, निदान ती ओळ छापणारा कुणीतरी तिथे असेल. ती शेवटी नको. पहिली छापा, आणि मोठी. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा, असंही खाली लिहा.

माझं म्हणशील तर चक्की चालते. पीठ जाड की बारीक ते मला आधीही बोटानेच कळायचं. पायरी चुकते. पाणी ओतायला गेले की पेल्याच्या बाहेर जातं, आणि ते दर वेळी तुझ्या आत्यासमोरच होतं, मग ती फडकं घेऊन धावते आणि रडते. मला त्याचाच जास्त वैताग येतो.

राग आहे. तो जायचा नाही, आणि जाईल असं मी तुला खोटं सांगणारही नाही. तू ये. दारात उभं करून तुला जे बोलायचं ते बोलेन, ते पत्रात मावत नाही.

पण एक मला कळलं नाही ते आत्ताच विचारते. तू लिहिलंयस की ती ओळ वाचली असती तर आम्ही नाही म्हटलं असतं. हे तुला कुणी सांगितलं? दुसऱ्या बायका नाही म्हणाल्या असतील. मला विचारलंस का? तुझ्या नोकरीचं कळल्यावर मी दळायला तयार झाले होते. आणि चाळीस वर्षं मी मिरची दळते, रे. मिरचीच्या दिवशी नाकातोंडाला फडकं बांधते, डोळ्यांना तो मोठा रबरी चष्मा लावते, एवढं कुणी मला शिकवायला नको. बाधतं का, म्हणून विचारलं ते त्यासाठीच. नाही म्हणालात, म्हणून लावला नाही. मी दळलंच असतं. चष्मा त्याच शेडमध्ये होता, माझ्या डोक्यामागे, खुंटीला."